सगोत्र डिस्का

हार्ड डिस्क मरायला टेकली की आधी टिकटिक करते, हे गोपीनाथ हर्डीकरांनी वाचलेलं होतं. प्रत्यक्षात ती टिकटिक कानावर आली तेव्हा त्यांना वाटलं, टेबलामागे पाल आहे. त्यांनी झाडूच्या दांड्याने टेबल ठोकलं, पडदा हलवला, कपाट वीतभर सरकवलं आणि कमरेत उसण भरून घेतली. मग चंद्रप्रभाबाई पदराला हात पुसत आल्या, त्यांनी कान लावला आणि म्हणाल्या, "अहो, पाल नाही. अवनीची डिस्क वाजतेय."

अवनीची डिस्क म्हणजे पाकिटाएवढा एक काळा डबा. त्यात अवनी लहान होती. हर्डीकर सांगलीहून लखनौच्या एका संशोधन संस्थेत आले, इथेच रुजले आणि मुलगीही इथेच झाली. शाळेत जाईपर्यंत ती घडाघडा मराठी बोलायची, तेही सांगलीचं, ठसक्यातलं. शाळा सुरू झाली आणि वर्षभराच्या आत ते मराठी कुठे गेलं कुणालाच कळलं नाही. त्यानंतर आई मराठीत विचारायची आणि मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, हा या घराचा रिवाजच झाला. अवनीचं मराठी आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, या काळ्या डब्यात. मूळ कॅसेटांना बुरशी लागून त्या कधीच भंगारात गेल्या होत्या.

त्यात अवनीला चौथा महिना लागत होता. जावई विक्रम कानपूरचा, त्याच्या घरात मराठीचा वारा नाही. सातव्यात डोहाळजेवण लखनौला करायचं आणि त्या दिवशी टीव्हीवर छोटी अवनी सगळ्यांना दाखवायची, असं चंद्रप्रभाबाईंनी ठरवून टाकलं होतं. पुढे बाळालाही दाखवता येईल, की बघ रे, तुझी आई एकेकाळी आमच्या भाषेत बोलायची. बाईंना आयुष्यात फार काही नको होतं. पण हे हवं होतं.

दुसरा कुणी असता तर त्याने त्याच दुपारी मिळेल त्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलं असतं आणि पाय पसरून झोपला असता. पण गोपीनाथराव दुसरे कुणी नव्हते. औषध बाटलीत किती दिवस टिकेल हे गणिताने काढून सांगणं, ही त्यांची उभ्या हयातीतली नोकरी. पुरेसे नमुने तपासल्याशिवाय त्यांनी कधी खोकल्याच्या औषधावर सही केली नव्हती, ते पोटच्या मुलीला परक्या डिस्कवर कसे सोडणार? शिवाय त्यांच्याकडे एक बिनतोड मुद्दा होता. आजारी डिस्क पुन्हा पुन्हा फिरवायची नसते. तिच्यात एकाच वाचनापुरता जीव असेल, तर ते वाचन योग्य ठिकाणीच झालं पाहिजे. तोवर तिला विश्रांती. त्यांनी डिस्क लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटाच्या तिजोरीत ठेवली आणि बाईंना बजावलं, की हिला कुणी हात लावायचा नाही.

नोएडाहून अवनीने फोनवर उपाय सांगितला, "बाबा, क्लाउड पे डाल दो न, बस." त्यावर गोपीनाथरावांनी तिला बराच वेळ समजावलं, की आपलं दळण दुसऱ्याच्या जात्यावर टाकलं की पीठ कधी मिळेल ते जात्याचा मालक ठरवतो. अवनीने अच्छा, अच्छा म्हणून फोन ठेवला. घरचाच सर्व्हर करायचा, हे पक्कं झालं. एक छोटी पेटी, तिच्यात दोन डिस्का. जे लिहायचं ते दोन्हींवर लिहिलं जाणार. एक गेली तरी दुसरी उभी. पेटी आठवड्यात आली. प्रश्न राहिला तो डिस्का निवडण्याचा, आणि तो भरवशाच्या निवडण्याचा.

भरवसा ही गोष्ट कंपनीच्या जाहिरातीवरून ठरवायची नसते. म्हणून गोपीनाथरावांनी अलीगंजमधल्या आपल्या कॉलनीचं सर्वेक्षण हाती घेतलं. तुमच्याकडे कोणती डिस्क आहे, किती वर्षं चालली, कशी गेली, एवढेच साधे प्रश्न. लोकांनी उत्तरं भरभरून दिली, पण ती फ्रिजबद्दल, इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल आणि एका घरी तर जावयाबद्दल. समोरच्या इमारतीतले निवृत्त विंग कमांडर रणजित घोरपडे, मूळचे साताऱ्याचे, यांनी सांगितलं की हवाई दलात कुठलाही भाग वापरून बघितल्याशिवाय विमानाला लावत नाहीत, तेव्हा दोन महिने नुसता चालवून बघा. हा सल्ला गोपीनाथरावांच्या मनात खोल रुतला. पुढे जे झालं त्यात या सल्ल्याचा वाटा मोठा आहे, पण घोरपडे साहेबांना ते कुणी कधी सांगितलं नाही.

सर्वात उत्साही शेजारी म्हणजे भिंतीपलीकडचे रस्तोगी. लखनौच्या चौक बाजारात त्यांचं चिकनकारी भरतकामाच्या कपड्यांचं दुकान. ते आता मुलगा बघतो आणि रस्तोगी घरी बसून दुकानातल्या कॅमेऱ्यांतून मुलाला बघतात. त्यामुळे डिस्क या विषयावर आपल्याइतका अनुभव उभ्या शहरात नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. ते रोज संध्याकाळी येत, कमी साखरेचा म्हणून दोन कप चहा पीत आणि आदल्या दिवशी सांगितलेल्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं नाव सांगत.

या काळात गोपीनाथरावांना वाचनात एक भयंकर गोष्ट सापडली. एकाच कारखान्यात, एकाच आठवड्यात जन्मलेल्या डिस्का बहुधा एकाच सुमारास मरतात. घडवणीत जो दोष एकीत, तोच दुसरीत. म्हणजे दोन्ही एका खेपेतल्या घेतल्या तर जोडी लावण्याचा अर्थच संपला. त्यांनी हे जेवताना बाईंना कागदावर आलेख काढून समजावलं. बाईंनी आलेखावर आमटीची वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "एवढं काय सांगताय? सगोत्र नको, एवढंच ना?"

गोपीनाथरावांनी वाटी उचलून आलेखावरचा डाग पुसला. तीस वर्षं संख्याशास्त्र वापरून जे वाक्य आपल्याला जमलं नसतं ते बाईंनी भात कालवता कालवता सांगून टाकलं, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. पण शब्द चिकटला तो चिकटलाच. रस्तोगींना तर तो इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी कॉलनीतल्या लोकांनी हर्डीकर साहेबांना थांबवून विचारलं, रिश्ता कहीं पक्का हुआ?

हजरतगंजजवळच्या कॉम्प्युटर बाजारात हे स्थळसंशोधन सुरू झालं. मेट्रोने जायचं, दुकानात शिरायचं, डिस्क मागायची आणि ती कधी जन्मली, कुठे जन्मली हे विचारायचं. जन्मतारीख खोक्याच्या आत, डिस्कच्या पाठीवर. खोक्याला सील. सील फोडलं की माल तुमचा, आणि सील फोडल्याशिवाय गोत्र कळत नाही. हा पेच त्यांनी प्रत्येक दुकानात नव्याने मांडला. लखनौचे दुकानदार अदबीने वागणारे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, गिऱ्हाईक गेल्यावर हसले असतील तर असतील. शेवटी शकील भाई नावाच्या दुकानदाराने शांतपणे विचारलं, "जनाब, एक बात बताइए, डेटा रखना है कि निकाह पढ़वाना है?"

गोपीनाथरावांनी स्वाभिमान गिळून एक डिस्क तिथूनच घेतली. दुसरी, गोत्र लांबचं असावं म्हणून, कोलकात्याच्या एका दुकानातून मागवली. ती आली, लावली आणि पेटीने लाल दिवा दाखवला. जन्मतःच आजारी. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. आता सेवा केंद्र.

सेवा केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. तिथे तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत बिलाची झेरॉक्स नव्हती, दुसऱ्या फेरीत झेरॉक्स होती पण बिल नव्हतं, तिसऱ्या फेरीत सगळं होतं पण साहेब जेवायला गेले होते. मग बरेच दिवस वाट पाहिल्यावर बदली डिस्क मिळाली. गोपीनाथरावांनी काउंटरवरच चष्मा वर करून तिची पाठ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. तोच कारखाना, तोच आठवडा. कोलकात्याला पाठवलेली मागणी फिरून शकील भाईंच्या डिस्कच्या सख्ख्या बहिणीशी येऊन थांबली होती.

त्यांनी ती तिथल्या तिथे काउंटरवर परत सरकवली. काउंटरवरच्या मुलीने, तिच्या छातीवरच्या पट्टीवर शिवांगी असं नाव होतं, नम्रपणे विचारलं की खराबी काय आहे.

"ख़राबी नहीं है," गोपीनाथराव म्हणाले. "रिश्ता है."

शिवांगीने संगणकावर कारणांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. आवाज येतो, तापते, दिसतच नाही, सगळं होतं. नातं निघालं, हे नव्हतं. तिने आतून साहेबांना बोलावलं. साहेबांनी डिस्क तपासली, ती ठणठणीत होती. ते म्हणाले, की चांगली डिस्क परत घेता येत नाही, ही बिघडली की जरूर घेऊन या. आणि जाता जाता, काका थकलेले दिसताहेत म्हणून, शिवांगीला पाणी द्यायला सांगितलं. ते पाणी पिताना गोपीनाथरावांना आयुष्यातल्या सगळ्या पदव्या आठवल्या आणि एकीचाही उपयोग झाला नाही.

तोडगा घरात निघाला. चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, की आमच्या माहेरी एका मुलीचं असंच सगोत्र जमलं होतं, तेव्हा तिला मामाला दत्तक दिली, गोत्र बदललं आणि अक्षता पडल्या. इथेही एक कुणाला तरी देऊन टाका आणि त्याची आणा. भिंतीपलीकडे रस्तोगी होतेच. त्यांच्या दुकानातल्या कॅमेऱ्याची डिस्क वेगळ्या कंपनीची आणि जवळजवळ नवी. रस्तोगींना मामा होण्याची कल्पना इतकी भावली, की ते अदलाबदलीला पेढे घेऊन आले. एकच अट होती. त्यांच्या डिस्कवरचं दुकानाचं चित्रण पुसायचं नाही. एका लग्नघरच्या मंडळींनी भरजरी लहंगा डाग पाडून परत आणला होता आणि डाग आधीचाच होता म्हणून भांडत होते. पुरावा त्या चित्रणात होता, पण कुठे ते रस्तोगींना माहीत नव्हतं.

म्हणजे आधी ते सगळं चित्रण गोपीनाथरावांच्या पेटीत उतरवून घेणं आलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. नव्या, पारखलेल्या, भिन्न गोत्रांच्या डिस्कांवर पहिला मजकूर चढला तो चौकातल्या बायका कुर्ते उलगडून पाहतात, नाक मुरडतात आणि न घेता जातात याचा. तो दोन्हींवर चढला. एक गेली तरी दुसरी उभी.

यानंतर घोरपडे साहेबांचा सल्ला अमलात आला. डिस्का नुसत्याच चालवून बघायच्या. रस्तोगींचं चित्रण सोडून उरलेला कोपरा न कोपरा लिहायचा, वाचायचा, पुन्हा लिहायचा. लखनौची वीज मध्येच जायची, इन्व्हर्टर केकाटायचा आणि चाचणी पहिल्यापासून. पेटीवर ताण नको म्हणून मिक्सर बंद झाला, चटण्या पाट्यावर आल्या. बाईंनी अधूनमधून विचारलं, की अवनीचं कधी उतरवायचं. गोपीनाथराव म्हणायचे, अगं, आणखी एक फेरी. खोटं ते बोलत नव्हते. त्यांना खरोखरच वाटायचं, की आणखी एका फेरीने काय बिघडतंय. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे त्यांच्याबद्दल कुणी तरी म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, की किती बैलांवरून हा निष्कर्ष काढला?

डोहाळजेवण तोंडावर आलं तेव्हा पेटी पास झाली. गोपीनाथरावांनी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तिजोरी उघडली. मफलर सोडला. बाई शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी डिस्क जोडली.

टिकटिक झाली नाही. काहीच झालं नाही. दिवा लागला आणि विझला. त्यांनी वायर बदलली, भोक बदललं, डिस्क तळहातावर घेऊन हलकेच हलवली, कानाला लावली. आत कुठे काही सरकल्यासारखं वाटलं आणि तेही थांबलं. जिला ताण पडू नये म्हणून इतके आठवडे निजवलं होतं, ती निजल्याजागीच गेली होती. नंतर बाजारातल्या दुरुस्तीवाल्यानेही ती उघडून पाहिली आणि मान हलवली.

चंद्रप्रभाबाई त्या दुपारी रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "चांगलं स्थळ शोधता शोधता मुलीचं वय निघून गेलं." आणि आत जाऊन भाजी निवडत बसल्या. गोपीनाथरावांना त्या क्षणी बाईंनी ताट फेकून मारलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. संध्याकाळी रस्तोगी आले आणि हळहळले. मग त्यांनी चाचरत विचारलं, "हर्डीकर साहब, हमारा वाला तो सेफ़ है न?" ते सेफ होतं. दोन्हीकडे होतं. त्यानंतर गोपीनाथरावांना घरात कुणी चहा विचारला नाही. तो स्वयंपाकघरात झाकून ठेवलेला असे.

अवनी विक्रमला घेऊन आली. घरातली शांतता तिला दारातच कळली. काय झालं ते तिने बाबांकडून काढून घेतलं आणि म्हणाली, "बस? इतनी सी बात?" पण आईचा चेहरा पाहिल्यावर पुढचं बोलली नाही. डोहाळजेवण यथासांग झालं. हिरवी साडी, फुलांच्या वेण्या, घोरपडे वहिनींनी भरलेली ओटी, रस्तोगी भाभींनी आणलेली मलई मक्खन ही लखनवी मिठाई. टीव्ही बंद होता. त्याच्यासमोर कुणी खुर्च्या मांडल्या नव्हत्या, तरी बाईंचं लक्ष दोनदा तिकडे गेलेलं गोपीनाथरावांनी पाहिलं.

पाहुणे पांगल्यावर अवनी आईच्या शेजारी गाद्यांवर लवंडली आणि तिने विचारलं, की असं होतं तरी काय त्यात. आई म्हणाल्या, काही नाही गं, तू बाल्कनीत उभी होतीस आणि खाली भाजीवाला भैया. मग त्या थांबल्या, आणि एकदम, कंबरेवर हात ठेवून, चार वर्षांच्या पोरीच्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "ए भैया, तुझी टमाटी नासकी हायती. आमी न्हाई घ्यायची. जा, तुझ्या आईला दे." पुढे भैया हिंदीत काय म्हणाला, त्यावर ही मराठीत काय म्हणाली, गाडीमागे म्हैस कशी आली आणि हिने म्हशीलाही कशी मराठीतच तंबी दिली, हे सगळं बाईंनी एकही शब्द न अडखळता केलं. त्या चित्रणाची एक प्रत इतकी वर्षं त्यांच्याकडेच होती.

विक्रमला अक्षर कळलं नाही आणि तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. अवनी हसली नाही. ती उठून बसली, कंबरेवर हात ठेवायला गेली, पोट आडवं आलं, तसे तिने हात पोटावर ठेवले आणि म्हणाली, "ए भैया, तुझा टमाटा नासका हाय."

"टमाटी," आई म्हणाल्या. "पुष्कळ होती."

"तुझी टमाटी नासकी हायती," अवनी म्हणाली. "आई, फिर से बताओ. नको, थांब. पुन्हा सांग."

पुन्हा सांग हे तिने मराठीत म्हटलं हे तिचं तिला कळलं नाही. बाईंना कळलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला, मग डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक वाक्य आईचं, एक मुलीचं. मुलीचं अडखळत, चुकत, मधेच हिंदीत घसरत आणि आईकडून परत ओढून आणलेलं. म्हैस आली तेव्हा दोघींचा आवाज एकदम चढला.

गोपीनाथराव दारात उभे होते. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि चित्रण सुरू केलं. निम्म्या चित्रणात पंखाच आला, उजेड पुरेसा नव्हता. त्यांनी कशाचीच तपासणी केली नाही.

ते संपल्यावर ते मुकाट्याने खोलीत गेले. आधी पेटीत टाकलं, लहंग्याच्या शेजारी. मग लॅपटॉपवर. मग टेबलाच्या खणात विक्रमचा एक पेनड्राइव्ह होता, त्याच्यात. मग अवनीने सांगितलेल्या त्या क्लाउडवर, तिलाच विचारून. मग सांगलीच्या मेहुणीला, घोरपडे साहेबांना आणि भिंतीपलीकडे रस्तोगींना पाठवलं. तो पेनड्राइव्ह कुठला, कधीचा, हे त्यांनी वाचलंसुद्धा नाही. काम संपवून ते बाहेर आले आणि खुर्चीत टेकले. फार दमल्यासारखं वाटत होतं, पण चांगलं वाटत होतं.

चंद्रप्रभाबाईंनी विचारलं, "ठेवलंत? कुठे ठेवलंत?"

"जिथे जागा मिळाली तिथे," गोपीनाथराव म्हणाले.

बाईंनी पदर खोचला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि विचारलं, चहा घेणार का.